घड्याळ लावून तर्कशक्ती मोजताना

एनडीएच्या लेखी परीक्षेत गणिताच्या पेपरला १२० प्रश्न असतात आणि वेळ अडीच तास. म्हणजे एका प्रश्नाला ७५ सेकंद. सामान्य क्षमतेच्या पेपरला १५० प्रश्न आणि वेळ तेवढाच, तिथे एका प्रश्नाला जेमतेम एक मिनिट. त्याच्याही आधी, सहावीत प्रवेश घेताना, अखिल भारतीय सैनिक शाळा प्रवेश परीक्षेत १२५ प्रश्न १५० मिनिटांत सोडवावे लागतात. हिशेब केला तर प्रश्नाला ७२ सेकंद. त्यातले २५ प्रश्न ‘बुद्धिमत्ता’ या नावाखाली असतात, आणि ते सोडवणारे मूल असते दहा-अकरा वर्षांचे.

कॅडेट मित्रमैत्रिणींनो, या परीक्षा नकोत असे मला म्हणायचे नाही. लाखो उमेदवारांमधून निवड करायची तर कुठेतरी वेळेची रेघ मारावीच लागते. माझा मुद्दा निकाल वाचण्याच्या पद्धतीबद्दल आहे. वेळ लावून घेतलेल्या रीझनिंगच्या पेपरात मिळणारा आकडा हा तर्कशक्ती आणि वेग या दोन गोष्टींचे मिश्रण असतो. त्यात वाचनाचा सराव मिसळलेला असतो आणि परीक्षेच्या हॉलमध्ये डोके शांत ठेवण्याची सवयही. आपण मात्र तो आकडा पाहतो आणि म्हणतो, ‘याचे डोके चालते’, ‘हिचे रीझनिंग कच्चे आहे’. बाहेरच्या परीक्षेत हे मिश्रण वेगळे करणे आपल्या हातात नाही. शाळेच्या चाचणीत ते आहे, आणि तिथे आपण ते करायला हवे.

मैदानावर ही गोष्ट आपल्याला सहज कळते. क्रॉस कंट्रीचा संघ कोणी १०० मीटरच्या वेळा पाहून निवडत नाही. १०० मीटरमध्ये पहिला येणारा क्रॉस कंट्रीतही पुढे असू शकतो, पण तसे गृहीत धरून पी.टी. उस्ताद यादी लावत नाहीत. ते दोन्ही धावा घेतात. मानसशास्त्रातही चाचण्यांचे असेच दोन प्रकार मानतात. एका प्रकारात प्रश्न सोपे असतात, वेळ थोडा असतो, आणि किती झाले हे पाहायचे असते. दुसऱ्या प्रकारात प्रश्न हळूहळू कठीण होत जातात, वेळ पुरेसा असतो, आणि विद्यार्थी कुठपर्यंत चढतो हे पाहायचे असते. पहिली वेगाची कसोटी, दुसरी आवाक्याची. आपले बहुतेक रीझनिंगचे पेपर या दोन्हींच्या मधे कुठेतरी असतात. अडचण तिथेच सुरू होते.

बुद्धिमापनाच्या चाचण्या इतक्या प्रचंड संख्येने पहिल्यांदा घेतल्या त्या सैन्यातच, म्हणून तो इतिहास आपण जाणून घ्यायला हवा. १९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. थोड्या महिन्यांत लाखो रंगरूट भरती झाले. कोणाला कुठल्या कामावर पाठवायचे हे लवकर ठरवायचे होते. रॉबर्ट यर्क्स या मानसशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली दोन चाचण्या तयार झाल्या. इंग्रजी वाचता येणाऱ्यांसाठी ‘आर्मी अल्फा’ आणि न येणाऱ्यांसाठी चित्रांची ‘आर्मी बीटा’. अल्फाचे आठ भाग होते आणि प्रत्येक भागाला अवघी काही मिनिटे. परीक्षक घड्याळ घेऊन उभा राही आणि वेळ संपली की पुढचा भाग सुरू. युद्ध संपेपर्यंत १७ लाखांहून अधिक माणसांनी या चाचण्या दिल्या.

त्या वेळीही शंका निघाली होती की हा वेगाचा खेळ आहे की बुद्धीचा. म्हणून काही सैनिकांना दुप्पट वेळ देऊन पाहण्यात आले. गुण अर्थातच वाढले, पण वर कोण आणि खाली कोण या क्रमात फारसा फरक पडला नाही. वेळेची बाजू घेणाऱ्यांचा हा सर्वांत भक्कम पुरावा आहे आणि तो मान्य करायला हवा. मोठ्या जमावाची ढोबळ वर्गवारी करायची असेल, तर घड्याळ फार मोठा घोटाळा करत नाही.

परंतु त्याच चाचण्यांची दुसरी बाजूही आहे. अमेरिकेत नव्याने आलेल्या स्थलांतरितांचे गुण कमी आले, आणि जे तिथे जितकी जास्त वर्षे राहिले होते त्यांचे गुण तितके जास्त होते. अमेरिकेत राहून कोणाची जन्मजात बुद्धी वाढत नाही. वाढतो तो भाषेचा आणि अशा कागदांचा सराव. तरीही कार्ल ब्रिगहॅम यांनी १९२३ मध्ये या आकड्यांवरून पुस्तक लिहून काही वंश बुद्धीने श्रेष्ठ आणि काही कनिष्ठ असल्याचे ठरवून टाकले. १९३० मध्ये त्यांनी स्वतःच हे निष्कर्ष मागे घेतले. चाचणी काय मोजते हे न विचारता आकडा वाचला की काय होते, याचे यापेक्षा मोठे उदाहरण मला माहीत नाही.

याच ब्रिगहॅम यांच्या देखरेखीखाली १९२६ मध्ये अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशाची ‘सॅट’ ही परीक्षा सुरू झाली. तिच्यात ३१५ प्रश्न होते आणि वेळ ९७ मिनिटे. प्रश्नाला साडेअठरा सेकंद! आज तीच परीक्षा संगणकावर होते, ९८ प्रश्न आणि १३४ मिनिटे. म्हणजे प्रश्नाला ८२ सेकंद. चार पटींहून अधिक वेळ. प्रश्नांचे स्वरूपही बदलले आहे हे खरे. पण तर्क करायला किती सेकंद ‘योग्य’ असा काही निसर्गनियम नाही, हे यावरून कळते. वेळ माणसे ठरवतात. कधी विचार करून, कधी हॉल रिकामा करायचा असतो म्हणून.

आता आपल्या वर्गात येऊ. समजा ४० प्रश्नांची चाचणी आहे, वेळ ३० मिनिटे, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. पहिला कॅडेट चाळीसच्या चाळीस गोल काळे करतो. २४ बरोबर, १६ चूक. दुसरी कॅडेट २६ प्रश्न सोडवते. २४ बरोबर, २ चूक. घंटा होते तेव्हा तिचे १४ प्रश्न कोरे आहेत. नोटीस बोर्डावर दोघांपुढे २४ हाच आकडा लागतो.

पहिल्याला खरोखर किती येत होते? समजा १९ येत होते आणि उरलेल्या २१ वर त्याने तुक्का मारला. चार पर्यायांत नुसत्या तुक्क्याने २१ पैकी पाचेक बरोबर लागतात. १९ आणि ५, झाले २४. एनडीएसारखे एक तृतीयांश निगेटिव्ह मार्किंग लावले, तर १६ चुकांचे सुमारे ५.३३ गुण जातात आणि उरतात १८.६७. म्हणजे त्याला जेवढे येत होते साधारण तेवढेच. निगेटिव्ह मार्किंग तुक्क्याचा बंदोबस्त करते, हे तिचे काम.

पण दुसरीच्या १४ कोऱ्या प्रश्नांचे काय? ते तिला येत नव्हते, की ती तिथपर्यंत पोहोचलीच नाही? उत्तरपत्रिका याबद्दल काहीच सांगत नाही. न येणे आणि न पोहोचणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींचा कागदावर दिसणारा गुण एकच, शून्य. शिक्षकाने यावर काय उपाय करायचा? न येणाऱ्याला संकल्पना पुन्हा शिकवायला हवी. न पोहोचणाऱ्याला वाचनाचा, पाढ्यांचा, आकडेमोडीचा सराव हवा. निदानच कळले नाही तर औषध चुकणार.

न पोहोचण्याचे एक कारण आपल्या या मराठी पानाच्या वाचकांना जवळचे आहे. सहावीची प्रवेश परीक्षा मराठीसह १३ भाषांत देता येते. नववीची परीक्षा मात्र इंग्रजीत असते, आणि एनडीएचा पेपर हिंदी व इंग्रजीत. सांगलीकडचे किंवा बेळगावकडचे मराठी माध्यमातून आलेले मूल प्रश्न आधी मनातल्या मनात आपल्या भाषेत आणते आणि मग सोडवते. यात प्रश्नामागे फक्त दहा सेकंद जास्त गेले असे धरा. १२० प्रश्नांचे झाले १२०० सेकंद, म्हणजे २० मिनिटे. ७५ सेकंदाला एक या हिशेबाने १६ प्रश्न गेले. त्या १६ प्रश्नांत तर्कशक्तीचा काही दोष नव्हता. हीच गोष्ट चेन्नईच्या तमिळ किंवा गुवाहाटीच्या असमिया मुलालाही लागू आहे. अशा मुलाला ‘तुझे लॉजिक कमकुवत आहे’ असे सांगणे चुकीचे आहे, आणि घातकही, कारण ते त्याला खरे वाटू लागते.

दुसरी गोष्ट प्रश्नांच्या जातीची. एक छोटे कोडे घ्या. बॅट आणि चेंडू मिळून ११०० रुपये. बॅट चेंडूपेक्षा १००० रुपयांनी महाग. चेंडू केवढ्याला? डोक्यात पहिल्यांदा येते ते उत्तर १००. थांबून पाहिले तर कळते की चेंडू १०० चा असेल तर बॅट ११०० ची होईल आणि बेरीज १२०० वर जाईल. बरोबर उत्तर ५० रुपये. शेन फ्रेडरिक यांनी २००५ मध्ये याच धर्तीच्या तीन प्रश्नांची चाचणी प्रसिद्ध केली, तेव्हा अमेरिकेतील नामांकित विद्यापीठांमधले अनेक विद्यार्थीही त्यात फसले होते. इथे लागणारी आकडेमोड चौथीतली आहे. कस लागतो तो पहिल्या उत्तराला ‘थांब’ म्हणण्याचा. आता हाच प्रश्न वीस सेकंदांच्या घाईत विचारला, तर जो गुण आपल्याला तपासायचा आहे त्यालाच आपण दाबून टाकतो.

जर्मनीतील फ्रँक गोल्डहॅमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही असाच फरक दिसला. सरळ वाचनाच्या प्रश्नांत ज्यांनी कमी वेळ घेतला त्यांची उत्तरे बरोबर येण्याची शक्यता अधिक होती, कारण सराव असलेल्याचे वाचन आपोआप होते. समस्या सोडवण्याच्या प्रश्नांत उलट होते. तिथे ज्यांनी जास्त वेळ घेतला ते अधिक यशस्वी ठरले. म्हणून ‘हुशार तो झटपट’ हे समीकरण पाढ्यांना चालते, सगळीकडे चालत नाही.

यावर आपल्या क्षेत्रातला नेहमीचा आक्षेप मला ठाऊक आहे. ‘शत्रू काय जादा वेळ देणार आहे का?’ आक्षेप रास्त आहे, पण तो नीट तपासून घेऊ. रणांगणावर जे क्षणात करावे लागते त्यातले बहुतेक आधी शेकडो वेळा करून अंगवळणी पडलेले असते. रायफल अडकली तर ती मोकळी करणे, गोळीबार सुरू होताच आडोसा घेणे, ही ड्रिल आहे. तिथे तर्क करत बसायचे नसतेच. याउलट जिथे खरोखर तर्क लागतो तिथे सैन्य वेळ काढायला शिकवते. रेकी, परिस्थितीचे आकलन, पर्यायांची तुलना आणि मग आदेश, हा क्रम ठरलेला आहे. हाताशी असलेल्या वेळेपैकी एक तृतीयांश कमांडरने स्वतः वापरावा आणि दोन तृतीयांश खालच्यांना तयारीसाठी सोडावा, हा धडाही त्यासाठीच आहे. वेळेचे शहाणपणाने वाटप करणे हा स्वतंत्र गुण आहे, आणि गोल काळे करण्याच्या वेगाशी त्याचा संबंध थोडाच.

१९७१ चे उदाहरण प्रत्येक कॅडेटला माहीत असते. एप्रिलमध्ये लगेच कारवाईची विचारणा झाली तेव्हा आपण पावसाळा, नद्यांचे पूर आणि सैन्याची तयारी यांचा हिशेब मांडून वेळ मागितला, असे जनरल माणेकशॉ यांनी नंतर स्वतः अनेकदा सांगितले. युद्ध ३ डिसेंबरला सुरू झाले आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. तेरा दिवसांच्या त्या वेगामागे कित्येक महिन्यांचा विचार होता.

एसएसबीतही वेळेचा ताण असतो, हे मान्य. शब्दसाहचर्याच्या चाचणीत ६० शब्द आणि एकेका शब्दाला १५ सेकंद. प्रसंगांच्या चाचणीत ६० प्रसंग आणि ३० मिनिटे. पण तिथे वेळ कमी ठेवण्याचा हेतू वेगळा आहे. उमेदवाराने रचून उत्तर देऊ नये, मनात पहिल्यांदा येते ते लिहावे, यासाठी ती घाई आहे. तिथे स्वभाव पाहायचा असतो. तर्क कसा करतो हे पाहायचे असते तेव्हा, ग्रुप प्लॅनिंगमध्ये, त्याच उमेदवाराला आधी एकट्याने विचार करून आपला उपाय लिहायला वेळ देतात. घड्याळ कुठे आणि कशासाठी लावायचे याचा विचार निवड मंडळाने केलेला आहे. आपण तो आपल्या युनिट टेस्टसाठी करतो का?

यावर माझी एक साधी सूचना आहे. महिन्यातून एकदा रीझनिंगची चाचणी दोन पेनांनी घ्यावी. ठरलेल्या ३० मिनिटांत सर्वांनी निळ्या पेनाने लिहायचे. घंटा झाली की निळे पेन खाली, हिरवे पेन हातात, आणि आणखी १५ मिनिटे. या वेळात उरलेले प्रश्न सोडवायचे. निळ्याने लिहिलेले एखादे उत्तर चुकले असे वाटले तर ते न खोडता शेजारी हिरव्याने नवे उत्तर लिहायचे. क्रमवारीसाठी फक्त निळे गुण धरायचे. त्यामुळे ‘पुढे वेळ आहेच’ म्हणून कोणी रेंगाळणार नाही. हिरवे गुण नोटीस बोर्डावर लावायचेच नाहीत. ते शिक्षकाच्या वहीत राहतील.

पेपर तपासताना चार प्रकारचे कॅडेट स्पष्ट दिसतील. काहींचे निळ्यातच जवळपास सगळे बरोबर असेल, त्यांना कठीण प्रश्न द्या. काहींचे निळ्यात कमी, पण हिरव्यात एकामागून एक बरोबर येत जाईल. ही ती न पोहोचणारी मुले. त्यांना तर्क शिकवू नका, तो त्यांच्याकडे आहे. त्यांचे वाचन आणि आकडेमोड वाढवा. काहींचे निळ्यात कमी आणि हिरव्यातही काही भर नाही, त्यांच्याजवळ बसून पहिल्यापासून शिकवायला हवे. आणि काही जण निळ्यात सगळे उरकून हिरव्यात आपल्याच चुका दुरुस्त करतील. हे घाईचे रोगी. त्यांना वेग नव्हे, लगाम हवा. सगळ्याचा खर्च एक पेन आणि प्रेपमधली १५ मिनिटे.

सरावाचा क्रमही यातून ठरतो, आणि तो फायरिंग रेंजवर आपण रोज पाळतो. नवशिक्याला पहिल्या दिवशी कोणी रॅपिड फायर देत नाही. आधी ग्रुपिंग. गोळ्या एका ठिकाणी पडू लागल्या की मग वेळ कमी करत आणायचा. रीझनिंगच्या सरावातही आधी वेळ न लावता दहा प्रश्न पूर्ण बरोबर येऊ द्या, प्रत्येक उत्तराचे कारण शेजाऱ्याला सांगता येऊ द्या, मग स्टॉप वॉच काढा. सहावी-सातवीतच ७२ सेकंदांची सवय लावली, तर मूल तर्काच्या आधी पर्याय उडवण्याच्या युक्त्या शिकते. त्या युक्त्या परीक्षेत उपयोगी पडतात हे नाकारण्यात अर्थ नाही. पण वर्दी अंगावर आल्यानंतर समोरच्या प्रश्नाला चार पर्याय छापलेले नसतात.

पालकांनाही एक विनंती. सुट्टीत मूल घरी येते तेव्हा शेजारच्या मुलाच्या गुणांशी तुलना करण्याआधी त्याला दोन गोष्टी विचारा. किती प्रश्न सोडवलेस? त्यातले किती बरोबर आले? २६ पैकी २४ बरोबर आणणाऱ्या मुलीला ‘स्लो’ म्हणण्याआधी थोडे थांबा. ज्या मुलांना लिहिण्या-वाचण्याची वैद्यकीय अडचण असते त्यांच्यासाठी सरकारी नियमांत तासाला किमान २० मिनिटे जादा वेळेची तरतूद आहे. म्हणजे वेळ ही बुद्धीहून वेगळी गोष्ट आहे हे आपल्या व्यवस्थेने एका बाबतीत तरी कागदावर मान्य केले आहे.

कॅडेट मित्रांनो, एनडीएच्या हॉलमधले ७५ सेकंद बदलणार नाहीत. त्यांची तयारी तुम्हाला करावीच लागेल आणि ती जोमाने करा. फक्त पुढच्या चाचणीत आकडा कमी आला तर लगेच स्वतःवर शिक्का मारू नका. त्याच संध्याकाळी कोरे राहिलेले प्रश्न काढा, घड्याळ बाजूला ठेवा आणि सोडवून पाहा. त्यातले किती आले ते वहीत तारखेसह लिहून ठेवा, आणि ती वही घेऊन आपल्या शिक्षकांना भेटा.